लिब्रेऑफिस रायटर: खाणावळीच्या मेनूकार्डासाठी
मालवण-तारकर्लीच्या खाणावळीचं एकपानी ए४ मेनूकार्ड करायला रायटर हे मजकूर लिहायचं-मांडायचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. वर सुरमई थाळीची एक ओळ वाढवली की खालची सोलकढीची चौकट घसरते, ही नेहमीची अडचण. कारण ही चौकट, म्हणजे फ्रेम, परिच्छेदाला अँकर झालेली (बांधलेली) असते. फ्रेमवर राइट-क्लिक करून अँकरमध्ये ‘टू पेज’ निवडा, मग ती जागची हलत नाही. फाइल मात्र ओडीटीतच, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येच जपा. डॉकएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या फॉरमॅटमध्ये, पानाला बांधलेला अँकर टिकत नाही आणि मांडणी पुन्हा विस्कटते.

वेलांट्या, अनुस्वार वरून कापले जात असतील तर ओळींतलं अंतर ‘फिक्स्ड’ असणार. ते ‘प्रपोर्शनल’, ११५ टक्के करा. छपाईला पीडीएफच द्या, फॉन्ट सोबत जातो. अँकरची खूण फ्रेम निवडल्याशिवाय दिसत नाही. नवख्याची गाडी तिथेच अडते.