मेंदूत पसरलेला कॅन्सर: सीटी, पेट की एमआरआय?

कॅन्सरचे उपचार चालू असताना डोकं दुखायला लागतं, तोल जातो, आणि डॉक्टर मेंदूचा स्कॅन सांगतात. मग घरात वाद: पेट (किरणोत्सारी ग्लुकोज टोचून कॅन्सर शोधणारा स्कॅन) तर नुकतंच झालंय, किंवा सीटीवर भागत असेल तर एमआरआयचा खर्च कशाला? आईच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या वेळी आमच्याकडेही हेच झालं.

सीटीला नावं ठेवणार नाही. काही मिनिटांत उरकतो, पेसमेकर असला तरी अडत नाही. अचानक फिट आली, शुद्ध हरपायला लागली, तर रक्तस्राव किंवा मेंदूत पाणी साठलंय का, हे बघायला आधी सीटीच.

पेटचं वेगळं. नेहमीचा पेट-सीटी बरेचदा कवटीच्या तळापासून मांडीपर्यंतच काढतात, म्हणजे मेंदू त्यात नसतोच. घेतला तरी मेंदू मुळातच इतकं ग्लुकोज ओढतो की सगळाच उजळतो आणि छोटी गाठ त्यात लपते. त्यामुळे ‘पेट क्लिअर’ ऐकून डोक्याबद्दल निर्धास्त होऊ नये.

माझं मत फिरवलं ते सीटी रिपोर्टच्या शेवटच्या ओळीने: ‘लहान गाठी नाकारता येत नाहीत, कॉन्ट्रास्ट एमआरआय करावा.’ (कॉन्ट्रास्ट म्हणजे गाठी उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध.) पैसे भरा, उपाशी बसा, शिरेत सुई टोचून घ्या, आणि उत्तर काय, तर पुढच्या दारी जा! एमआरआयमध्ये लहान मेंदूत गाठ निघाली. तिथे आजूबाजूच्या जाड हाडांमुळे सीटीचं चित्र खराब येतं. रेडिएशनच्या डॉक्टरांनीही एमआरआयच मागितला. गाठी किती, कुठे, केवढ्या, यावरच ठरतं ना, नेमक्या गाठींवर मारा करायचा की पूर्ण मेंदूला रेडिएशन द्यायचं.

एमआरआयचा जाच आहेच. त्या ठकठकाटात बराच वेळ न हलता पडून राहायचं. आईची पाठ दुखायची, म्हणून डॉक्टरांना विचारून आधी गोळी दिली. किडनीचा त्रास असेल तर तेही आधीच सांगा, कारण त्यामुळे कॉन्ट्रास्ट द्यायचा की नाही हे ठरवावं लागू शकतं, आणि तो टाळून काढलेल्या एमआरआयत बारीक गाठी सुटू शकतात. 3 टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनसाठी मात्र मी थांबलो नसतो, 1.5 टेस्लावर चित्राचे पातळ काप नीट घेतले तरी बहुधा भागतं.

पेशंटला आडवं पडवतच नसेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरच ठरवतील. एरवी मी थेट एमआरआयची वेळ घेईन. जाताना जुन्या स्कॅनची सीडी न्या, तुलना करायला लागते. रेडिएशननंतर दिसणारा डाग म्हणजे वाढलेली गाठ की उपचारामुळे मेलेला भाग, हे एका स्कॅनवरून ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं.