छोटी एसएसडी आणि हार्ड डिस्क, की एकच मोठी एसएसडी?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत लग्नाचे फोटो-व्हिडिओ एडिट करत असाल, तर २५६ जीबी एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) आणि जोडीला २ टीबी हार्ड डिस्क घ्या, असं माझं ठाम मत आहे. विंडोज, सॉफ्टवेअर आणि हातातली ऑर्डर एसएसडीवर; जुन्या ऑर्डरी हार्ड डिस्कवर. साटा (जुन्या, साध्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, हार्ड डिस्क १५०च्या आगेमागे. २५६ जीबी विंडोजमध्ये २३८च दिसते. म्हणून डाउनलोड्सच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमधून तो डी ड्राइव्हवर, म्हणजे हार्ड डिस्कवर हलवा, नाहीतर सी ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, भरून लाल होतोच. आणि आतली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. लोकांच्या लग्नाची आठवण आहे ती, बाहेरच्या डिस्कवर दुसरी कॉपी ठेवाच.

एकच १ टीबी एसएसडी घेतली तर फोल्डर हलवायची उठाठेव नाही, हार्ड डिस्कची घरघरही नाही. नुसतं टॅली आणि मुलांचा अभ्यास असेल, तर ५१२ जीबीही पुरते.