डायपर केकचं किट : मांडताना आणि मोडताना

धाकट्या बहिणीच्या बेबी शॉवरसाठी मी तीन मजली डायपर केक केला, म्हणजे डायपर गुंडाळून केकसारखे मजल्यांत रचलेली भेट, ऑनलाइन किट मागवून. त्याला आता तीन महिने होऊन गेले. त्याच रात्री लिहायला बसले होते, पण थांबले. केक टेबलावर छान दिसतो हे फोटोतही कळतं. त्यातला एकेक डायपर काढून बाळाला लावायची वेळ येते तेव्हा काय होतं, ते बघायचं होतं. शेवटचा डायपर गेल्या आठवड्यात संपला, म्हणून आज लिहितेय.

मी वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम करते. पुठ्ठा, फीत, डिंक हे माझे रोजचे सोबती, त्यामुळे खोका उघडल्या उघडल्या हात आधी पट्टीकडे गेला. आत होतं ते असं: तीन गोल पुठ्ठे, 40 सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची नळी, छोटी रबरं, मोठी सहा रबरं, 2 मीटर सॅटिनची रिबन, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, मोती लावलेल्या 12 टाचण्या, वर खोचायची चांदणी आणि कृतीचा कागद. डायपर अर्थातच आपले आपण आणायचे.

नळी उत्तम आहे, हे आधी सांगते. घट्ट, सरळ, अंगठ्याने दाबली तरी चेपत नाही. केकचा सगळा तोल तिच्यावर असतो आणि तिने तो शेवटपर्यंत सांभाळला.

गडबड सुरू होते ती कागदापासून. कागदावर लिहिलंय, ‘40 ते 50 डायपर पुरे’. पुरत नाहीत. मध्ये नळी उभी केली की तिच्याभोवती पहिल्या वेढ्यात 6 गुंडाळ्या बसतात, दुसऱ्यात 12, तिसऱ्यात 18. सारख्या जाडीचे गोल एकमेकांना चिकटवून मांडले की प्रत्येक वेढ्याला सहा वाढतात, त्यात आपली मर्जी चालत नाही. म्हणजे वरचा मजला 6, मधला 18, खालचा 36. एकूण 60. कागदावर विसंबून 50 आणले असते, तर खालच्या वेढ्याला खिंडार पडलं असतं. बहिणीकडे पाहुणे जमलेले असताना मी दुकानात धावले असते. मी दोन पाकिटं जास्तीची आणून ठेवली होती, म्हणून निभावलं.

कोणते डायपर घ्यायचे यावर कागद गप्प आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. न्यू बॉर्न साइज घेऊ नका. बाळ त्यातून काही आठवड्यांत बाहेर पडतं, आणि त्या साइजची पाकिटं भेट म्हणून तशीही येतातच. मी स्मॉल घेतले. दुसरं, पँटसारखे चढवायचे डायपर केकला चालत नाहीत. त्यांच्या कमरेच्या इलॅस्टिकमुळे गुंडाळी फुगते आणि सारखी उलगडते. टेपवालेच हवेत. गुंडाळायचे कमरेच्या उघड्या बाजूकडून घडीकडे, म्हणजे गुळगुळीत घडी बाहेर राहते आणि टेपची टोकं आत लपतात. मी पहिले पाच-सहा उलटे गुंडाळले होते. प्रत्येकाची टोकं पिसासारखी बाहेर आली, ते सगळे पुन्हा सोडले. एकदा हात बसला की गुंडाळी साधारण 4 सेंटिमीटर जाडीची होते, जवळजवळ नळीएवढीच.

आता 4 सेंटिमीटरचा हिशेब मांडा. खालच्या मजल्याच्या मधोमध आडवी रेघ मारली तर नळी धरून सात गोल येतात, म्हणजे 28 सेंटिमीटर. किटमधला सगळ्यात मोठा पुठ्ठा 25 चा. सगळ्या बाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर गुंडाळ्या बाहेर लोंबतात. टेबलावर ठेवलंय तोवर कळत नाही, पण उचलायला गेलं की बाहेरचा वेढा खाली घसरतो. ज्याने हे किट बनवलं, त्याने ते एकदा तरी भरून, उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन बघायला हवं होतं. मी 3 मिलिमीटरच्या ग्रे बोर्डातून, म्हणजे बाइंडिंगच्या कडक करड्या पुठ्ठ्यातून, 32 सेंटिमीटरचा गोल कापला, पांढरा कागद चढवला आणि रात्रभर वजनाखाली वाळवला. डिंक पुरता वाळू द्या. डायपरचं कामच ओल ओढायचं, ते पुठ्ठ्यातलीही ओढतात. याच कारणाने कागदावरची ‘ताजी फुलं खोचा’ ही सूचना मी पाळली नाही.

रिबनचीही तीच गत. तीन मजल्यांचे घेर 88, 63 आणि 38 सेंटिमीटर भरतात. बेरीज 189. दोन मीटरच्या रिबनीत जेमतेम वेढे होतात, एकही बो होत नाही. शिवाय कापलेल्या टोकांचे धागे सुटतात. मी आणखी रिबन आणली. किटमध्ये निदान 4 मीटर द्यायला हवी.

आता टाचण्यांबद्दल. कागदात सांगितलंय, रिबन डायपरला टाचणीने अडकवा. कृपा करून हे करू नका. मी पाकीट उघडलंच नव्हतं, टेबलाच्या कडेला सरकवून ठेवलं होतं. संध्याकाळी आवराआवर करताना ते फोडलेलं दिसलं. मोजल्या तर 10. दोन कुठे गेल्या? मावशीने मदतीच्या भरात मधल्या मजल्यावरचा बो सैल दिसला म्हणून टाचून टाकला होता. बो सोडवताना एका डायपरचं वरचं पातळ कापड ओढलं जाऊन फाटलं आणि आतले साखरेसारखे बारीक दाणे माझ्या बोटांना चिकटले. ओल लागली की जेलीसारखे फुगतात ते हेच. दुसरी टाचणी दोन गुंडाळ्यांच्या मधे पार आत गेली होती. बोटांनी चाचपत सापडली तेव्हा माझे हात थरथरत होते. मावशीला काय बोलणार? किटमध्येच दिलेली वस्तू, कागदात लिहिल्याप्रमाणे वापरली. बाळाच्या वस्तूंच्या खोक्यात टाचण्या घालताना कोणाच्याही मनात शंका आली नाही, याचा मला आजही राग येतो. विकणाऱ्याला मी फोटोसकट लिहिलं. टाचण्या ‘सजावटीसाठी’ आहेत, एवढंच उत्तर आलं.

रबरांचंही तेच. प्रत्येक गुंडाळीला एक, म्हणजे घरात 60 छोटी रबरं. एखादं रात्रीच्या अंधारात पाळण्यात पडलं, बाळाच्या बोटाभोवती अडकलं किंवा तोंडात गेलं तर? मी ती गुंडाळताना वापरली, पण मजला बांधून झाला की एकेक कात्रीने कापून काढली आणि वाटीत मोजली. त्या मजल्यावर जितक्या गुंडाळ्या तितकी भरल्यावरच पुढच्या मजल्याला हात लावला. मोठ्या रबरांपैकी दोन ताणतानाच तुटली, त्यामुळे तीही बाजूला ठेवली. त्यांच्या जागी आमच्या बाइंडिंगची सुती फीत वापरली. मजल्याभोवती दोन वेढे आणि वर सरकगाठ, एक टोक जरा लांब सोडलेलं. ते ओढलं की गाठ सुटते. रिबन फक्त रिबनलाच टेपने चिकटवली, डायपरला काहीही लावलं नाही. पांढरी फीत रिबनीखाली पूर्ण झाकली जाते.

हे सगळं करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. हात धुवून, स्वच्छ चादरीवर बसून केलं. झाल्यावर धूळ बसू नये म्हणून वर पारदर्शक कागद चढवला. सुगंधी फवारा वगैरे मारला नाही, नाजूक कातडीला तो सोसेलच असं नाही. तळाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलं: स्मॉल, 60, वरून सुरुवात करायची.

बेबी शॉवरमध्ये केकचं कौतुक झालं, फोटो निघाले. मग तो कपाटावर जाऊन बसला. बाळ आलं, वजन चार किलोच्या वर गेलं, न्यू बॉर्नची पाकिटं संपली, आणि एका रात्री बहिणीचा मेसेज आला: “ताई, एका हातात हा रडतोय, दुसऱ्या हाताने तुझी गाठ ओढली आणि सुटली गं!” सोबत फोटो होता. वरचा मजला उलगडलेला, सहाही डायपर गादीवर पसरलेले. गुंडाळून ठेवल्यामुळे त्यांना बाक आला होता, पण तिने सांगितलं की हाताने एकदा सपाट केले की नीट बसतात, गळत नाहीत. ओलं झाल्यावर पिवळ्याची निळी होणारी रेघही शाबूत होती. दिवसाला सात-आठ लागत होते, त्यामुळे अख्खा केक आठ दिवसांत संपला.

किट घ्यावं का? नळी, चांदणी आणि टेप एवढ्यापुरतं चांगलं आहे, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याला सगळं एका जागी मिळाल्याचा धीर येतो. घेतलंत तर खोका उघडताच टाचण्यांचं पाकीट घरातल्या कोणाच्या नजरेस पडण्याआधी बाहेर काढा. तळाचा पुठ्ठा 30 सेंटिमीटरपेक्षा मोठा कापून घ्या, नाहीतर सपाट ताट चालेल. रिबन आणि फीत वेगळी आणा.

पुढच्या महिन्यात कामावरच्या मैत्रिणीसाठी असाच केक करायचाय. या वेळी किट मागवणार नाही. जुनी नळी बहिणीने जपून ठेवली आहे, चांदणीसुद्धा. फीत तिने धुवून, घडी करून परत दिली. 32 चा गोल मी काल कापून ठेवला.