काळ्या रंगाखाली सडलेली चेसी: जुन्या पिकअपमध्ये 4,85,000 कसे गेले

25,000 टोकन यूपीआयने, 3,60,000 आरटीजीएसने, 1,00,000 रोख. एकूण 4,85,000. त्या शेवटच्या लाखाची पावती नाही आणि आज सगळ्यात जास्त तेच खुपतं. रोख मागितली की पावती मागा. देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

गाडी 2018 ची बोलेरो पिकअप, बीएस-4, एमएच-04 पासिंग. मीटरवर 78,000. फिटनेस नऊ महिने शिल्लक, इन्शुरन्स चालू, आरसीवर बोजा नाही. हे सगळं एम-परिवहन या सरकारी ॲपवर स्वतः बघितलं होतं. डोळे मिटून गाडी घेतली, असं कोणी म्हणू नये. मेकॅनिक सोबत होता. थंड इंजिन चालू करून बघितलं, ऑइलचं झाकण उघडून धूर येतो का पाहिलं, हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं, म्हणजे क्लच प्लेट चांगली. रेडिएटरच्या पाण्यात ऑइलचा तवंग नव्हता. इंजिन खरोखरच चांगलं आहे, आजही. सडलेली होती ती चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा.

आता ज्या क्षणी कळायला हवं होतं, तो सांगतो. मागच्या कमानीच्या, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगच्या, ब्रॅकेटपाशी हात खाली घातला तर तळवा काळा झाला. रंग चिकट होता, वास येत होता. यार्डवाला, म्हणजे जुन्या गाड्या विकणारा डीलर, म्हणाला, "पावसाळा येतोय ना शेठ, अंडरकोटिंग करून घेतलंय." म्हणजे गंज धरू नये म्हणून खालून मारलेला थर. आणि ते पटलं! मुंबईत जूनच्या तोंडावर लोक खरंच करून घेतात. पण अंडरकोटिंग करणारा माणूस ब्रेकचा रबरी पाइप आणि सायलेन्सर झाकून मगच फवारा मारतो. इथे रबरी पाइप काळा, सायलेन्सर काळा, यू-बोल्टचे आटे काळे, नट आणि चेसीमधली फट रंगाने भरलेली. हे काम गाडी जपायला केलेलं नव्हतं. काहीतरी झाकायला केलं होतं. ते दिसलं होतं, हाताला लागलंही होतं, तरी टोकन दिलं.

दुसरी खूण हौद्यात, म्हणजे माल भरायच्या भागात होती. तळाला कोरी चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा पत्रा. सहा वर्षांच्या गाडीचा तळ नवा का करावा लागला, हा एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं.

ही गाडी मासळीची होती. ससून डॉक, भाऊचा धक्का इथून मासळी उचलणाऱ्या गाड्यांत बर्फ वितळतो आणि मिठाचं पाणी हौद्याच्या फटींतून थेट चेसीवर ठिबकतं, रोज, वर्षानुवर्षं. जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात, म्हणजे क्रॉसमेंबरचा (चेसीच्या आडव्या पट्टीचा) जोड, कमानीचं ब्रॅकेट, हौद्याचे बोल्ट, तिथे ते साचतं. लाँगमेंबरच्या (चेसीच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्यांच्या) बंद भागात आतून गंज धरतो, त्यामुळे बाहेरून पत्रा सरळ दिसतो. त्यावर भोकं बुजवायला पुट्टी, वर काळा रंग, संपलं काम.

तपासायची पद्धत सोपी आहे. गाडी रॅम्पवर चढवा, यार्डात वाकून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. छोट्या हातोडीने लाँगमेंबरवर वीतभर अंतराने ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, सडलेलं किंवा पुट्टी भरलेलं धप्प वाजतं. पुट्टीवर लोहचुंबक धरत नाही. जाड स्क्रूड्रायव्हर ब्रॅकेटच्या कडेला जोर लावून दाबा. मालक "रंग खराब होईल" म्हणून अडवायला लागला तर उत्तर मिळालं.

दीड महिन्यात 900 किलो टोमॅटोचे क्रेट भरून सायन-पनवेल हायवेवर गाडी एका बाजूला कलली. डाव्या कमानीचं मागचं ब्रॅकेट चेसीतून फाटून बाहेर आलं होतं. वेल्डरने छिन्नीने रंग खरवडला, तर पत्र्याचे पापुद्रे हातात आले. हौदा उतरवणं-चढवणं, सडलेला भाग कापून नवा तुकडा, ब्रॅकेट, कमानीचा एक पाटा: 68,000. वर 14,500 ची जुनी ई-चलनं निघाली. ती तेवढी एम-परिवहनवर बघायची राहिली होती. ती चूक माझीच.

मीटरचंही बोलतो. 78,000 भागिले सहा वर्षं म्हणजे दिवसाला 36 किलोमीटरसुद्धा नाही. धक्क्यावरून कल्याणला एक फेरी मारली तरी त्याहून जास्त होतं! ब्रेक पेडलचं रबर घासून गुळगुळीत आणि मीटर मात्र कोवळं. मीटर मागे घेणं मशीनवर काही मिनिटांचं काम आहे. सर्व्हिस बिलांवरचे आकडे मागा. टायरवरचे चार अंक वाचा, आधीचे दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष.

आरसीवरच्या मालकाशी बोललो ते ब्रॅकेट फाटल्यावर. तो म्हणाला, चेसी गेली आहे हे सांगूनच यार्डाला 2,90,000 ला दिली होती. म्हणजे यार्डाला माहीत होतं. एक फोन आधी केला असता तर! यार्डवाला कितीही गोड बोलो, पैसे देण्याआधी मूळ मालकाशी बोलायचंच. आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागा. माझ्या यार्डाकडे नव्हतं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "दिवाणी मामला आहे", दुसऱ्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला", तिसऱ्या दिवशी "तुम्ही सही केली आहे ना?" विक्रीच्या कागदावर "जशी आहे तशी" असं छापलेलं होतं, हे खरं. पण दोष माहीत असून रंग मारून लपवणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? तक्रारीवर पोचसुद्धा द्यायला तयार नव्हते, शेवटी उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. आरटीओत विचारलं की या चेसीला फिटनेस मिळालाच कसा. सव्वा वर्षापूर्वी पास झालेली गाडी! असा गंज सव्वा वर्षात धरत नाही, कोणताही वेल्डर सांगेल. तर म्हणे, "तेव्हा ठीक होती." कोणी खाली वाकून बघितलं होतं का, याचं उत्तर कोणाकडे नाही. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर सांगितलं, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही. हे चूक आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर ग्राहक धरतात, कायद्याच्या व्याख्येतच आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही. हे खिडकीवरच्या माणसाला मी सांगायचं? तीन कार्यालयं, अकरा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला गाडी उभी म्हणून धंदा बुडालेला.

असं कोणाचं झालंच असेल तर दुरुस्तीआधी फोटो काढा, एका फोटोत तरी चेसी नंबर आणि सडलेला भाग एकत्र दिसायला हवा. नंबर ठोकलेल्या भागाला वेल्डरला हात लावू देऊ नका, नाहीतर पुढच्या पासिंगला नवीन लफडं. त्याच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या की गंज जुना आहे आणि पुट्टी भरलेली होती. कापलेले तुकडे भंगारात देऊ नका. माझे गोणीत बांधून ठेवलेत, एकावर अजून पुट्टी आणि वरचा काळा रंग शाबूत आहे. आयोगात अर्ज दाखल झालाय, तारखेला ती गोणी घेऊन जाणार आहे.