घरची भाषा की गावची?

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाकडे, यंत्रमागाच्या खडखडाटात घरात तेलुगू चालते आणि उंबरठ्याबाहेर मराठी. अशा घरातल्या मुलाला लिहायचं झालं, तर कुठल्या भाषेत?

तेलुगूत लिहिलं, तर अम्माचं बोलणं जसंच्या तसं कागदावर येतं. पण मराठी शाळेत शिकलेल्या कित्येकांना तेलुगू लिपीच वाचता येत नाही. मग शेजारचा वाचक सुटतो, आणि हैदराबादच्या वाचकाला ही मराठी-मिश्रित तेलुगू चमत्कारिक वाटते ती वेगळीच.

मराठीत लिहिलं, तर वाचक मिळतो. संवाद मात्र लिहितानाच भाषांतरित होतात. तरी माझा कौल मराठीला. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरातच भरलं. घरात दखनी बोलणाऱ्यांनी तिथे मराठीवर हक्क सांगितला, परवानगी मागितली नाही.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो इंग्रजी सोडून गिकुयूकडे, आपल्या मातृभाषेकडे वळले, हे खरं. पण इंग्रजी त्यांच्यावर राज्यकर्त्यांनी लादली होती. इथली मराठी तर मागावरच्या सोबत्याची. तळटीप न देता ‘अम्मा’ तिच्यात खुशाल बसवावी.