स्ट्रीट बीएमएक्ससाठी राइडिंग जीन्स आणि पातळ सोलचे बूट: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्ट्रीट बीएमएक्सच्या, म्हणजे छोट्या सायकलवर रस्त्यावरच्या कठड्या-पायऱ्यांवर कसरती करण्याच्या खेळाच्या, व्हिडिओंमध्ये रायडरच्या अंगावर जे कपडे शोभून दिसतात, ते प्रत्यक्षात कठडे, रेलिंग आणि पायऱ्यांवर किती टिकतात, हे पाहण्याच्या उद्देशानेच मी ही काळी जीन्स आणि व्हल्कनाइज्ड (उष्णतेने पक्क्या केलेल्या रबराच्या) सोलचे स्वेडचे बूट गेले काही महिने नियमित वापरले. जीन्सच्या कापडात सुमारे २ टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) आहे आणि दोन्ही मांड्यांच्या मध्ये, जिथे एरवी चार शिवणी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तिथे स्वतंत्र चौकोनी तुकडा जोडलेला आहे.

माझ्या मते या जीन्सचे निम्मे मोल त्या तुकड्यातच आहे. बीएमएक्सची सीट मुद्दाम खाली ठेवलेली असते, त्यामुळे रायडर जवळजवळ सतत पेडलवर उभा असतो, आणि बनीहॉप (दोन्ही चाकांसह सायकल हवेत उचलण्याची उडी) मारताना गुडघे छातीपर्यंत येतात. साधी जीन्स नेमकी अशा वेळी मधोमध उसवते. इथे आजवर एकही टाका सुटलेला नाही. झीज झाली आहे ती वेगळ्याच जागी. बारस्पिन, म्हणजे हँडल पूर्ण गोल फिरवण्याची कसरत, करताना हँडल सोडून दोन्ही गुडघ्यांनी सीट आवळून धरावी लागते, म्हणून गुडघ्याच्या किंचित वर, आतल्या बाजूला, कापड पांढरट आणि विरळ झाले आहे; उजेडासमोर धरले की वीण दिसते. नडगीच्या संरक्षणाची अपेक्षा मात्र डेनिमकडून ठेवू नये. पाय निसटून पेडल फिरले की जाड कापडावरूनही मार बसतोच. कट सैल असल्यामुळे आत पातळ शिनगार्ड (नडगीवरची संरक्षक पट्टी) सहज मावतात, ही जमेची बाजू.

तक्रार आहे ती मोहरीची. २००० नंतरच्या दशकात या खेळात अगदी तंग जीन्सची चलती होती, आता पुन्हा ढगळ पॅन्ट आल्या आहेत, आणि ही जीन्सही त्याच वळणाची आहे. आजच्या स्ट्रीट सायकलींवर पुढे २५ आणि मागे ९ दात्यांची जोडी सर्रास असते, जुन्या ४४ दात्यांच्या मोठ्या चक्रापेक्षा ती कितीतरी लहान आहे, तरीही चेनच्या बाजूची मोहरी दात्यांत अडकते आणि नाही अडकली तरी वंगणाने काळी होते. मोज्यात खोचली की प्रश्न मिटतो, पण दिसायला ते कोणालाच आवडत नाही, आणि याचे कारण थेट कॅमेऱ्यापर्यंत जाते. सोनीचा १९९५ सालचा व्हीएक्स१००० हा व्हिडिओ कॅमेरा आणि त्यावरची फिशआय (खूप रुंद, वक्र दृश्य दाखवणारी) लेन्स यांनी स्केटबोर्डिंगप्रमाणे या खेळालाही एक ठरावीक नजर दिली. लेन्स जमिनीलगत आणि रायडरच्या अगदी जवळ धरलेली असल्याने बूट आणि मोहरी पडद्यावर अवाढव्य दिसतात, म्हणूनच पॅन्टच्या पडण्याला इतके महत्त्व आले.

बुटांवर मी खूश आहे. सोल पातळ आणि मऊ असल्यामुळे प्लॅस्टिकच्या पेडलचे दाते त्यात रुततात आणि पाय नेमका कुठे आहे ते न पाहता कळते. मात्र माझ्या सायकलला ब्रेक नाही, त्यामुळे थांबण्यासाठी मागच्या टायरवर बूट दाबावा लागतो. त्या एका बुटाचा सोल आतल्या कडेने तिरका झिजला आहे, दुसरा अजून सरळ आहे. उंचावरून सपाट जमिनीवर उतरल्यावर टाचेला बसणारा दणका हा सोल शोषून घेत नाही. आतली मूळ गादी काढून जाड घातल्यावरच तो त्रास कमी झाला.

व्हिडिओत जमलेली एकच उडी दिसते. त्याआधीच्या फसलेल्या प्रयत्नांत सिमेंटवर घासत गेलेले नितंब आणि कोपर संकलनात गळतात, आणि कपड्यांची खरी परीक्षा तर तिथेच होते. हेल्मेटचेही तसेच आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये आलेल्या फ्रीस्टाइल पार्क (खास बांधलेल्या उतारांवरच्या कसरती) प्रकारात ते सक्तीचे होते, पण रस्त्यावरच्या चित्रणात ते क्वचितच दिसते. पोशाखाचे अनुकरण करताना निदान एवढी गोष्ट उचलू नये.

पुढची जीन्स याच कापडाची आणि याच शिवणीची घेईन, फक्त चेनच्या बाजूची मोहरी शिंप्याकडून आधीच आत घेऊन ठेवेन.