कुंभाराच्या हातची भांडी: उन्हाळा-पावसाळा वापरल्यावर

पावसाळ्यात एकदा जेवताना ताटलीचा टवका सुटून वरणात आला. लेकराच्या दाताखाली आला असता तर? ताटली पडली नव्हती, आपटली नव्हती. बाकीच्या काढून पाहिल्या, तर अजून दोन ताटल्यांना तसेच खड्डे. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मोहरीएवढा पांढरा दाणा, नखानं दाबला की त्याचं पीठ होतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या कुंभारभाऊंकडून उन्हाळ्याच्या तोंडावर माठ, दह्याचं मडकं, हंडी आणि या ताटल्या घेतल्या. ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला काम शिकून आले आहेत, पण घरचं चाक आणि आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, सोडलेला नाही. ताटलीच्या ओल्या मातीवर ते सागाचं पान उलटं दाबतात. पान आव्यात जळून जातं, शिरा राहतात. बोट फिरवलं की मधली जाड शीर, तिचे फाटे, त्यांमधलं खरखरीत जाळं सगळं लागतं. एकीसारखी दुसरी ताटली नाही. एका ताटलीचे 180 रुपये मी याच कामासाठी मोजले, आणि त्याबद्दल आजही तक्रार नाही.

माठ उत्तम. इकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तरी दुपारी फ्रिजची आठवण येत नव्हती. पुढे गारवा कमी झाला, कारण आमचं बोअरचं पाणी जड. पाणी पाझरून उडून जातं आणि क्षार मागे राहून छिद्रं बुजवतात. साबण न लावता काथ्यानं घासला, उन्हात वाळवला, पुष्कळ फरक पडला. मडक्यातलं दही सुरीनं कापावं इतकं घट्ट, कारण जास्तीचं पाणी माती पिऊन घेते. हंडीत आधी तांदळाची पेज उकळून घेतली आणि गॅस कायम मंद ठेवला, तडा नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात अंबाडीच्या भाजीला धातूची चव येते, हंडीत ती येत नाही.

पण ताटल्या! भाऊंना दाखवल्या तर म्हणाले, "ताई, हातचं काम हाये, थोडंफार तं होतेच." हे मला पटलं नाही. कड वाकडी असणं हातचं काम. जेवणात खडा येणं ही मातीच्या तयारीतली कसर, आणि पैसे तर पूर्ण घेतले होते.

मग खोदून विचारलं. या खेपेला तळ्याचा गाळ कमी पडला म्हणून नाल्याकाठची माती मिसळली होती. आपल्या काळ्या मातीत चुनखडे असतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. तो खडा आव्यात भाजला की त्याची कळी होते, म्हणजे पाणी न लागलेला भाजका चुना. पावसाळ्यात ती हवेतली ओल ओढते, फुगते आणि वरचा थर उडवते. म्हणून उन्हाळाभर ताटल्या धड होत्या आणि आर्द्रता वाढल्यावर फुटायला लागल्या. भाऊ माती सुकी कुटून धान्याच्या चाळणीनं चाळत होते, बारीक खडे त्यातून सहज जातात. माती पाण्यात कालवून कापडानं गाळली तर अडतात.

इथे माझं मत थोडं बदललं, कारण माणूस ऐकून घेतो. पुढच्या आव्याच्या वेळी त्यांनी माती कापडानं गाळली. शिवाय भांडी आव्यातून निघाल्याबरोबर पाण्यात बुडवून ठेवली. उरलासुरला चुना तिथेच विरतो, कारण एकदम भरपूर पाणी मिळालं की तो आतल्या आत फुगून जोर करत नाही. त्यातल्या ताटल्या ओल्या हवेतही अजून धड आहेत. सागाच्या पानाबरोबर आता पळसाचं पानही आलंय, तेही सुरेख उठतं.

घेणाऱ्यांनी एवढं करावं: बोटानं टिचकी मारून आवाज ऐका, भदभद आला तर ठेवून द्या. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात ठेवा, मग काही दिवस तशीच राहू द्या, टवका उडायचा असला तर बहुधा वापराआधी उडेल. झिलई (काचेसारखा चकचकीत थर) केलेलं भांडं कुठूनही घेतलं तरी झिलईत शिसं आहे का ते विचारा, आणि दही, चिंच, लोणचं शिशाच्या झिलईच्या भांड्यात ठेवू नका.

माझ्या दोन ताटल्या त्यांनी बदलून दिल्या. तिसरी "वापरलेली हाये" म्हणून अडली होती, आता तिचे पैसे दिवाळीच्या पणत्यांच्या हिशेबात वळते करतो म्हणतात. पणत्या मी त्यांच्याकडूनच घेणार आहे, पण 180 रुपये आधी वजा करून.